माग थांबले तो उन्हाळा

एप्रिल अर्धा सरला की नागपुरात बोलायला दोनच विषय उरतात, ऊन आणि ॲडमिशन. पहिल्याबद्दल कुरकुर करायची, दुसऱ्याची काळजी करायची आणि दोन्ही करताना पन्हं प्यायचं. परवा दुपारी नंदनवनातल्या आमच्या घरी शेजारच्या रेखाताई आपल्या चार वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. रामदासपेठेतल्या कुठल्याशा इंग्रजी शाळेत तिची मुलाखत होती. चार वर्षांच्या माणसाची मुलाखत घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं, ते त्या शाळेलाच ठाऊक. "तुम्ही पहिलीच्या बाई, तुम्हीच जरा विचारून पाहा," रेखाताई म्हणाल्या.

पिंकी कूलरसमोर हात मागे बांधून उभी राहिली. रंग, फळं, वार, सगळं तिने घडाघडा म्हणून दाखवलं. मी विचारलं, "आज सकाळपासून काय काय केलंस?" हे पाठ केलेल्यात नव्हतं. तिने एकदा आजीकडे पाहिलं आणि मग जी सुरू झाली ती थांबेचना. आंब्याची कोय कोणी चोखली, बाबांची स्कूटर किती लाथा खाऊन सुरू झाली, त्यावर आई बाबांना काय म्हणाली. इथवर आल्यावर रेखाताईंनी तिला घाईघाईने मांडीवर ओढून घेतलं. "उपजतच हुशार आहे हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडची सगळीच मुलं तशी."

मुलगी गोड होती आणि हुशारही होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण 'उपजत' हा शब्द ऐकला की माझं डोकं जरा तापतं. इतकी वर्षं पहिलीला शिकवते आहे, दर जूनला कोरी करकरीत मुलं समोर येऊन बसतात, आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी येऊन सांगतं की हा हुशार, ती मंद. आजीनातीला निरोप देऊन मी पडदे ओढले आणि आडवी झाले. बाहेर रस्ता उन्हाने पांढरा पडला होता. कुणाच्या तरी खिडकीतून ओल्या वाळ्याचा वास येत होता. झोप लागली नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा डोळ्यांपुढे येत राहिला, आमच्या गल्लीतले माग थांबले होते तो.

तेव्हा आम्ही महालाच्या पलीकडे विणकरांच्या वस्तीत राहायचो. वस्ती आमच्याच माणसांची, छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांची. नागपूरकडे आमच्या समाजात माग चालवणारी बरीच घरं होती, माझे सासरेही विणकरच. पण त्यांनी मुलाला मागावर बसू दिलं नाही, शाळेत बसवलं, आणि आमचे हे शिकून सरकारी कचेरीत कारकून झाले. घरात महिन्याचा पगार येऊ लागला तसा माग निघाला. विणकराला पाय सोडून बसायला जमिनीत जो खड्डा असतो तो बुजवला गेला आणि त्यावर फरशी बसली. मी लग्न होऊन त्या फरशीवरच आले. भिंतीपलीकडे भिवाजींच्या घरात खड्डाही होता आणि मागही होता. दोन्ही घरांचा समाज एक, नळ एक, विहार एक. दोन्ही घरांमध्ये एका विटेच्या जाडीची भिंत, बस.

हातमागाचा आवाज लांबून ऐकणाऱ्यांना छान वाटतो. त्यांनी एकदा पत्र्याखालच्या एका खोलीत मागाशेजारी दुपार काढून पाहावी. धोटा या टोकाकडून सुटतो, त्या टोकाला आदळतो, मग फणी सूत ठोकून बसवते, की लगेच धोटा परत निघतो. खटाक-खट, खटाक-खट, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. भिवाजी खड्ड्यात पाय सोडून विणत बसलेले असायचे आणि त्यांची बायको, सुगंधाबाई, कोपऱ्यात चरख्यावर कांड्या भरत बसलेली असायची. धोट्यात घालायच्या सुताच्या त्या कांड्या नवऱ्याच्या वेगाला पुरल्या पाहिजेत, नाहीतर माग थांबणार, आणि माग थांबला की त्या घरातलं सगळंच थांबणार.

अशा खोलीत बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि दिवसभर कोण ओरडणार. म्हणून ती माणसं हातांनी बोलायची. भिवाजींनी मागाच्या लाकडावर बोटांची पेरं वाजवली की कांडी आण. दोन बोटं हवेत कातरीसारखी हलवली की सूत तुटलं. तळहात खाली दाबला की थांब, पोटावर फिरवला की जेवायला वाढ. सगळ्या विणकरांच्या घरात असं थोडंफार चालायचं, पण या घरात त्याची पूर्ण बोलीच झाली होती. सुगंधाबाई नळावर आली तरी तिचे हात सारखे हलत असायचे. बायका तिला चिडवायच्या, "सुगंधे, हात धरून ठेवले तं मुकी होशीन तू."

त्यांची मुलगी तारा आणि आमचा आनंद एकाच हिवाळ्यात जन्मले. एकाच सुईणीच्या हातचे, एकाच गल्लीत रांगलेले. आनंद दीड वर्षाचा होता तेव्हापासून आमच्या घरात बडबडीला खळ नव्हता. मी पोळ्या करताना त्याच्याशी बोलायची, भांडी घासताना बोलायची, न्हाऊ घालताना प्रत्येक अवयवाचं नाव घेऊन साबण लावायची. मी अध्यापिका विद्यालयातून नुकती शिकून बाहेर पडले होते, नोकरी अजून लागायची होती, आणि वर्ग नसल्यामुळे सगळं शिक्षण त्या एका पोरावर चालू होतं. त्याने कावळ्याला चिमणी म्हटलं की मी हातातलं काम टाकून त्याला अंगणात न्यायची. तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. हातातलं काम टाकता येणं हीसुद्धा एक श्रीमंती असते, हे भिंतीला कान लावल्यावर कळलं.

तारा पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. म्हणजे अगदीच नाही असं नाही. 'आई', 'पाणी', 'दे', अशी चारदोन नाणी तिच्या गाठीला होती. ती आमच्याकडे यायची ती पायांचा आवाज न करता. येऊन माझा पदर ओढायची आणि मी पाहिलं की बोट दाखवायची. मी बोलू लागले की ती माझ्या तोंडाकडे पाहायची नाही, हातांकडे पाहायची. आनंदच्या लाकडी ठोकळ्यांना ती शिवायची नाही, पण उरल्यासुरल्या सुताच्या कांड्यांचा ढीग पुढे ओतला की रंग-रंगाचे वेगळे गट करायची, आणि फिक्या गुलाबीपासून गडद गुलाबी बरोबर वेगळा काढायची. माझ्या पाठ्यपुस्तकात मुलाने कोणत्या वर्षी किती शब्द बोलावे ते लिहिलेलं होतं. ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी माग नसावा.

गल्लीने मात्र निकाल लावून टाकला होता. पोट्टी मुकी आहे, डोक्याने कमी आहे. शाळेनेही तेच केलं. जूनमध्ये दोन्ही मुलांना घेऊन आम्ही जवळच्या शाळेत गेलो. मोठ्या बाईंनी आनंदला नाव विचारलं तर त्याने नाव, बाबांचं नाव, कचेरीचं नाव आणि आमच्या बकरीचं नाव, सगळं सांगितलं. मग त्यांनी ताराला विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" तारा गप्प. आणि तेव्हा सुगंधाबाईने एक चूक केली, जी जगात फक्त विणकराच्याच बायकोने केली असती. तिने सवयीने मुलीकडे वळून हाताने खूण केली, ओठांपुढे बोटं उघडून, म्हणजे बोल. मोठ्या बाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "अहो, हिला ऐकू येत नाही, आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी वेगळी शाळा असते."

"आयकू येते बाई हिले," सुगंधाबाई म्हणाली. "सारं आयकू येते."

"मग तर..." मोठ्या बाईंनी डोक्याजवळ बोट नेलं. ती खूण ताराला समजली असणार, खुणा तिला सगळ्या समजायच्या. वाईट बाई नव्हत्या त्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी आणा, बोलती झाली असेल तर घेऊ. आनंद पहिलीत बसला आणि तारा परत चरख्याजवळ जाऊन बसली.

भिवाजी कमी बोलणारा, सरळ माणूस. त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं, "पुढच्या जूनले बोलली तं शाळा, नाही बोलली तं चरखा. मी बी सहा वर्साचाच बसलो होतो." त्यात राग नव्हता. दुष्टपणाही नव्हता. घरात दोन हात वाढले तर काय होईल याचा तो साधा विचार होता. पण एकदा मुलगी चरख्यावर बसली की पुन्हा उठत नाही, हे सुगंधाबाईला स्वतःवरून ठाऊक होतं. ते वर्ष तिने कसं काढलं ते मी पाहिलं आहे. एखाद्या रात्री माग थांबल्यावर ती मुलीला समोर बसवून "बोल, माय, बोल" म्हणायची. दिवसभर चरखा फिरवून तिचे डोळे मिटत असायचे, आणि मुलगी तिच्या आधी झोपलेली असायची.

मग तो उन्हाळा आला. होळी झाली आणि सूत येईनासं झालं. कोणी म्हणे गिरण्यांतच माल नाही, कोणी म्हणे व्यापाऱ्यांनी दाबून ठेवला. खरं काय ते आमच्या गल्लीला कोणीच सांगितलं नाही. आधी एक माग थांबला, मग चार, आणि चैत्र लागता लागता गल्लीतल्या शेवटच्या मागावरचं लुगडं उतरलं आणि सगळं गप्प झालं.

त्या शांततेची सवय व्हायला वेळ लागला. पहिले काही दिवस गल्लीत कोणाला धड झोप येत नव्हती. आवाज आहे म्हणून झोप न येणारे लोक मी पुष्कळ पाहिले, आवाज नाही म्हणून जागे राहणारे तेव्हाच पाहिले. पुरुष दिवस उजाडला की काम शोधायला निघायचे. भिवाजी धान्यबाजारात पोती उचलायला जाऊ लागले. जन्मभर सुतासारखी हलकी गोष्ट हाताळलेला माणूस, त्याच्या खांद्याची सालटी निघाली. घरात भाकरी होती तर भाजी नव्हती, आणि बऱ्याचदा भाकरीच्या जागी कण्यांची आंबील होती. मी वाटीभर वरण किंवा भात अंगणाच्या भिंतीवरून द्यायची. वाटी कधी रिकामी परत आली नाही. काही नसलं तर शेवग्याचा पाला असायचा, पण असायचा.

सुगंधाबाईला आता आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. ती चरखा पुसायची, परत पुसायची, मग नुसतीच बसायची. दुपारी दारावर ओलं पोतं टांगून, अंधार करून, ती ताराला घेऊन जमिनीवर पडायची. आणि पडल्या पडल्या बोलायची. सुरुवातीला बहुधा स्वतःशीच. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं, भंडाऱ्याकडचं. इतकी वर्षं मागाच्या आवाजाखाली दबून राहिलेलं ते गाव आता हळूहळू वर येऊ लागलं. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यातले मासे, जंगलातली मोहफुलं, पुरात वाहून आलेली कोणाची तरी कोठी. भिंत एका विटेची, त्यामुळे मलाही सगळं ऐकू यायचं.

एका दुपारी मी अशीच पडले होते. बाहेर इतकं ऊन की कावळासुद्धा ओरडत नव्हता. पलीकडे सुगंधाबाई सांगत होती, "एक डाव आमचा दादा मोह येचाले गेलता जंगलात. झाडाच्या इकडून तो येचून राहिला, अन्‌ तिकडून अस्वल खाऊन राहिलं."

"मंग?"

"मंग काय. दादाचं ध्यान खाली, अस्वलाचं ध्यान खाली. येचता येचता दोघं मागं मागं सरकले, अन्‌ पाठीले पाठ लागली."

"मंग?"

मला वाटलं आनंदच तिकडे जाऊन बसला आहे. दुपारी उन्हात निघाला म्हणून त्याला रागवायला मी उठले, तर आनंद माझ्या शेजारी तोंड उघडं टाकून झोपलेला. मी तशीच बसून राहिले. पलीकडून तिसऱ्यांदा आवाज आला, जरा घोगरा, न वापरलेल्या गळ्याचा. "मंग काय झालं?"

संध्याकाळी नळावर सुगंधाबाईने मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, कोणाले सांगू नका आताच. नजर लागन." जरा थांबून स्वतःच हसली. "आता आपून ते मानत नाही म्हना. पण तरी बी नका सांगू."

सांगायची गरजच पडली नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत तारा गल्लीभर ऐकू येऊ लागली. 'मंग' नंतर 'काहून' आलं, आणि 'काहून' आल्यावर कोणाची सुटका राहिली नाही. अस्वल काहून पळून नाही गेलं. ऊन काहून तापते. आनंद काहून शाळेत जाते अन्‌ मी नाही जात. "दिवसभर काहून काहून करून राहिली वं," सुगंधाबाई कपाळाला हात लावून म्हणायची, आणि तिच्या तोंडावर असं काही पसरायचं की ते पाहायला मी मुद्दाम नळावर उशिरा जायची. संध्याकाळी अंगणात पाणी मारून खाटा बाहेर आल्या की तारा एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायची आणि प्रत्येकीकडून काही ना काही वसूल करायची. साऱ्या बायकांना वेळ होता. म्हाताऱ्यांना, पुरुषांना, सगळ्यांना वेळ होता. त्या गल्लीत इतका वेळ मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

एकदा ती जेवताना म्हणाली, "आई, आपल्याले भाजी काहून नाही?"

"सूत नाही म्हणून."

"सूत काहून नाही?"

सुगंधाबाईने आपल्यातली अर्धी भाकर तिच्या ताटात ठेवली. मग म्हणाली, "ते मले बी नाही समजत, बेटा."

मला ठाऊक आहे की इथे कोणीतरी मान डोलावून म्हणेल, बघा, गरिबीतही कसं सोनं निघतं. माझं म्हणणं ते नाही, आणि असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या वर्गात आणून बसवीन. त्या उन्हाळ्यात ताराचे केस भुरे झाले होते. बोलता बोलता ती मधेच डोळे मिटून आडवी व्हायची, खेळ म्हणून नाही, अंगात त्राण नसायचं म्हणून. पोट भरलेल्या मुलाचं डोकं आणि रिकाम्या पोटाचं डोकं यांत काय फरक असतो तो मी दर वर्षी सकाळच्या पहिल्या तासाला पाहते. मला फक्त एवढंच दिसलं, की काम होतं तेव्हा भिवाजींच्या घरात भाकरी होती आणि बोलायला वेळ नव्हता. काम गेलं तेव्हा बोलायला वेळ होता आणि भाकरी नव्हती. आमच्या आनंदला दोन्ही एकाच वेळी मिळत होतं. त्याला लोक उपजत हुशार म्हणायचे, आणि आई म्हणून मलाही ते खरं वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. पण मग तारा त्या कोणत्या क्षणी उपजली, हे कोणी मला सांगत नाही.

मृग लागला आणि शाळा उघडायला थोडेच दिवस उरले, तेव्हा सूत आलं. हातठेल्यांवर गठ्ठे आले आणि गल्ली अक्षरशः धावली. त्या दिवशी घराघरात गोड झालं. भिवाजींनी खड्ड्यात पाय सोडले, लाकडावरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खटाक-खट सुरू झालं. त्या रात्री गल्लीला शांत झोप लागली. मलाही लागली, खोटं कशाला बोलू.

दोन-तीन दिवसांनी तारा आमच्याकडे आली आणि तिने माझा पदर ओढून माठाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "तोंडाने माग." तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

सुगंधाबाईलाही ते दिसलं होतं. ती नळावर आली ती घाईत, केसांत सुताचे तंतू. "विचारते ते मले आयकू येत नाही, वहिनी," ती म्हणाली. "मी 'ऑं' म्हणते, ती परत विचारते, मी परत 'ऑं' म्हणते. आता विचारनंच सोडलं. कांड्या मांगून राहिले हे, हात थांबवू तं कसे थांबवू." आणि मग हळूच, "मले भेव लागून राहिलं."

प्रवेशाच्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले. त्याच मोठ्या बाई, तेच टेबल. वर पंखा कुरकुरत होता. सुगंधाबाई आत शिरताना थांबली आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले, एकमेकांत गच्च अडकवून. मागच्या वर्षाची चूक पुन्हा होऊ द्यायची नव्हती तिला. मोठ्या बाईंनी विचारलं, "काय गं, नाव काय तुझं?"

ताराने आईकडे पाहिलं. हात दिसत नव्हते. तिने पदराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं. मी काही बोलावं तर बाई म्हणतील तुम्ही शिकवून आणलं. मोठ्या बाईंनी सुस्कारा टाकला आणि पेन उचललं.

तेवढ्यात सुगंधाबाई बोलू लागली. हात पदराखालीच. ती कोणाकडेच पाहत नव्हती. "एक डाव," ती म्हणाली, "आमचा दादा मोह येचाले गेलता जंगलात. अन्‌ तिकडून वाघ आला..."

"वाघ नोहे," तारा म्हणाली. "अस्वल."

तारा मोठ्या बाईंकडे वळली, कारण आईला आठवत नाही म्हटल्यावर आता दुसऱ्या कोणाला तरी खरं सांगणं भाग होतं. "अस्वल होतं. मामा इकडून येचून राहिला, अस्वल तिकडून खाऊन राहिलं. दोघाचं बी ध्यान खाली."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग?" त्या म्हणाल्या.

ताराने सगळं सांगितलं. पाठीला पाठ कशी लागली, मामाला वाटलं कोणी तरी येचायला आलंय म्हणून तो मागे न बघताच "सरक गा" कसं म्हणाला, आणि अस्वल खरंच कसं सरकलं. शेवटी मोठ्या बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि तिला परत नाव विचारलं. तिने ते सांगितलं, वडिलांच्या नावासकट. बाहेर आल्यावर सुगंधाबाईने पदरातून हात काढले तर बोटांवर नखांचे व्रण होते. "वाघ मुद्दाम म्हटलं म्या," ती म्हणाली. "चुकीचं सांगतलं का तिले सहनच नाही होत." मग तिथेच, शाळेच्या फाटकापाशी, भर रस्त्यात बसून ती रडली, आणि तारा तिला विचारत राहिली, काहून.

शाळेत नाव लागलं म्हणजे सगळं झालं असं मला तेव्हा वाटलं होतं. पण शाळा अर्ध्या दिवसाची, आणि उरलेला दिवस मागाजवळचा. मुलगी जे घेऊन घरी यायची ते घरात ऐकणारं कोणीच नव्हतं, आणि न ऐकलेलं बोलणं फार दिवस टिकत नाही. श्रावणात एका संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते. पलीकडे माग चालू होता, आणि अचानक थांबला. मी कान देऊन ऐकलं, सूत तुटलं की थोडा वेळ माग थांबतो. हा थांबला तो थांबलाच. भिवाजींना काही झालं की काय म्हणून मी हात पुसत पलीकडे गेले.

भिवाजी खड्ड्यात पाय सोडूनच बसले होते, हात मांडीवर. मागावर अर्धं लुगडं होतं. कोपऱ्यात सुगंधाबाईचा चरखाही थांबला होता. दोघांच्या मधोमध तारा उभी होती आणि वर्गात कोण पडलं, बाई काय म्हणाल्या, फळ्यावर काय लिहिलं ते सांगत होती. भिवाजी तिच्याकडे असे पाहत होते की मला पाहायला त्यांना वेळ नव्हता.

"सूत तुटलं का?" मी हळूच विचारलं.

"नाही तुटलं, वहिनी," ते म्हणाले. "पोट्टी सांगून राहिली."

"लुगडं उद्या द्याचं हाये," सुगंधाबाई माझ्या कानाशी कुजबुजली. "शेठ बोंबलन. मी म्हटलं तं हे म्हणते, बोंबलू दे." ती हे तक्रार केल्यासारखं सांगत होती, पण तक्रार तिला नीट जमत नव्हती.

मी घरी परतले. आमच्याकडे दिवा लागला होता, भाजी शिजली होती, कुठलाच आवाज नव्हता. आनंद बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून शाळेतली कसलीशी लांबलचक हकीकत सांगत होता, आणि हे पेपरातून डोकं वर न काढता "हं, हं" करत होते. मी जाऊन त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला.